जाणं वेगळं, पोचणं वेगळं

...आणि वर तो शिवप्रसाद मलाच म्हणतो, "सर, मेल गेली." अरे बाबा, गेली ते मलाही दिसायलंय, पडद्यावर हिरव्या अक्षरात लिहून आलंय की गेली, पण पोचली का? तर म्हणतो, "आपल्याकडून गेली सर." आपल्याकडून. तुम्हाला सांगतो, हे 'आपल्याकडून' ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण आपल्याकडून तर सगळंच जातं हो, जिंतूरहून परभणीची सकाळची एसटीपण आपल्याकडून वेळेवर जाते, बोरीच्या पुढं टायर बसलं आणि सगळे उन्हात बाभळीखाली उभे राहिले तरी स्टँडवरच्या कंट्रोलरला विचारा, तो मान वर न करता हेच सांगतो, गाडी गेली. गेली तर गेली. जाणं वेगळं आणि पोचणं वेगळं, हे या जगात कुणालाच कसं कळत नाही?

तुम्ही म्हणाल, चोपन्न वर्षांचा माणूस, केस पांढरे झाले, याला मेलींचा एवढा कसला ध्यास. सांगतो. मी आहे कॉलेजात सीनियर क्लार्क. क्लार्कलापण आमच्याकडं सर म्हणतात, त्यात काही नाही. एकोणतीस वर्षं आवक-जावक सांभाळलंय. जावक म्हणजे बाहेर जाणारं पत्र. त्याला नंबर टाकायचा, तारीख टाकायची, रजिस्टरात चढवायचं आणि शिपायाच्या हातात द्यायचं, संपलं. एकोणतीस वर्षांत हजारो पत्रांना मी जावक नंबर दिला आणि त्यातलं एक तरी पुढं कुणाच्या हातात पडलं का, हे मी एकदाही कुणाला विचारलं नाही. नंबर पडला की माझ्यापुरतं ते पत्र पोचलेलंच असायचं. आता फेडायलोय.

तर मागल्या सालच्या चैत्रात विजयमाला वारली. माझी मंडळी. सकाळी आठला म्हणाली छातीत दुखायलंय, परभणीला नेलं, साडेनऊला डॉक्टरांनी नुसती मान हलवली. याच्यावर मला जास्त बोलायचं नाही. मुद्दा पुढचा आहे. आमची मुलगी रोहिणी बेंगळुरूला नोकरीला, तिच्या ऑफिसात मोबाईल आत नेऊ देत नाहीत, सकाळी लॉकरला टाकायचा, संध्याकाळी घ्यायचा. तिनं मला बजावून ठेवलं होतं, "बाबा, तातडीचं काही असलं तर फोन नका करू, ऑफिसच्या मेलवर टाका, ती मी लगेच बघते." आता दवाखान्यात मी कुठं मेल करत बसू? कॉलेजच्या ऑपरेटरला फोन लावला, म्हणालो, कॉलेजच्या पत्त्यावरून टाक बाबा रोहिणीला एक मेल. त्यानं टाकली. सव्वादहाला. विषय, तातडीचे. आणि तुम्हाला खोटं वाटेल, मी फोनवर त्याला जावक नंबरपण सांगितला. चारशे बारा. सवय हो, दुसरं काय.

मग बसलो वाट बघत. अकरा वाजले, एक वाजला, तीन वाजले. पोरीचं उत्तर नाही. घरात माणसं जमलेली, ऊन तर असं की अंगणात पाय ठेवू देत नाही, आणि प्रत्येक जण येऊन कानाशी, "सर, किती येळ ठिवायचं? पोरीचा काही जबाब न्हाई, म्हणजे तिला रजा मिळाली नसंल." पाचपर्यंत मी ओढून धरलं. पाचनंतर नाही धरता आलं. साडेसातला तिनं लॉकरमधून फोन काढला तेव्हा तिला कळलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आली, तेव्हा आम्ही राख सावडून आलो होतो. ती मेल तिच्या ऑफिसच्या कचऱ्यात पडली होती. स्पॅम म्हणतात त्याला. लॉटरी लागली, केस उगवतील, असल्या मेलींच्या ढिगात, विषय तातडीचे, जावक क्रमांक चारशे बारा.

रोहिणी एवढंच म्हणाली, "बाबा, मला कळवलं नाही."

मी म्हणालो, "पाठवलं होतं."

ती म्हणाली, "पोचलं नाही."

संपलं. तेरावं झालं, ती गेली, नंतर वर्षभर घरी आली नाही. फोन व्हायचा. "जेवलात का?" "हो. तू?" "हो. ऊन आहे का?" "लय." "ठेवते." आता तुम्ही म्हणाल, बाप आहात, फोनवरच काय ते सांगून टाकायचं. कसं सांगायचं? आमच्या घरात बाप-लेक थेट कधी बोललेच नाहीत. ही दहावीत असतानाचं सांगतो, मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचायलोय, ही स्वयंपाकघरात आईला सांगायलीय, "आई, बाबांना सांग, सहलीला जायचंय." मला शब्द न् शब्द ऐकू यायलाय. तरी विजयमाला हात पुसत बाहेर येणार, "आवो, रोही म्हणायलीय, सहलीला जायचंय." मी म्हणणार, "तिला सांग, जा म्हणावं." चार पावलांचं अंतर, पण सगळं तिच्या हातून. सत्तावीस वर्षं असंच चाललं, कधी काही हरवलं नाही.

आणि एक चूक मी केली. तिची एक लांबट वही होती. आंबाडीच्या भाजीपासून लोणच्यापर्यंत सगळी प्रमाणं तिच्यात, गॅसचा नंबर तिच्यात, दूधवाल्याचे खाडे तिच्यात आणि शेवटच्या पानावर सगळे पासवर्ड. तिला नेताना मला काय सुचलं देव जाणे, या वहीशिवाय हिचं पान हलत नाही म्हणून ती मी चितेवर तिच्या उशाला ठेवली. घरी आलो तर मीठ किती घालायचं इथपासून अडलं. गॅसचा पासवर्ड गेला, लाइटबिलाचा गेला, तिच्या मेलचा गेला. सगळे पासवर्ड घेऊन गेली बाई.

तर श्रावणात मी ठरवलं, एक वेबसाइट काढायची. नाव, सांगावा. आपल्या तालुक्यातली माणसं पुण्याला, हैदराबादला, दुबईला पांगलेली, त्यांनी आपलं नाव आणि मेल लिहून ठेवायचं, इकडं त्यांच्या घरचं कुणी गेलं की आम्ही खात्री करून त्यांना मेल टाकणार. फुकट. एवढंच. परभणीला स्टेशनकडं शिवप्रसादचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, माझ्या वर्गमित्राचा धाकटा भाऊ, त्याला म्हणालो, साइट साधी चालेल, फुलं नकोत, गणपती नको, पण तिच्यातून निघालेली मेल पोचली पाहिजे. तो हसला. म्हणाला, "सर, साइट दोन दिवसांत देतो. मेल पोचायचं मात्र बोलू नका."

आणि मग सुरू झालं. पहिली मेल टाकली, परत आली. का? तर म्हणे आपल्या सर्व्हरचा जो पत्ता आहे, त्या पत्त्यावर आपल्या आधी दुसरा कुणी राहायचा, त्यानं जगभर घाण मेली पाठवल्या, म्हणून तो पत्ताच काळ्या यादीत. म्हणजे भाडेकरू आधीचा आणि दारावर थुंकायलेत आमच्या. पत्ता बदलला. मग म्हणे जगाला पटलं पाहिजे की ही मेल आपलीच. त्याला तीन कागद लागतात. एक यादी, आपल्या नावानं मेल न्यायची परवानगी कुणाला आहे. दुसरा शिक्का, प्रत्येक मेलवर उमटणारा, वाटेत कुणी अक्षर बदललं तर तो फुटतो. आणि तिसरी सूचना, आपल्या नावानं कुणी खोटी मेल आणली तर दारातून हाकला का कचऱ्यात टाका. मी म्हणालो, अरे हे तर आमच्या ऑफिससारखंच आहे, फक्त इथं लोक वाचतात. ते कागद लावले तर म्हणे दोन दिवस थांबा, जगभर पसरायला वेळ लागतो. दोन दिवस? आमच्या गल्लीत बातमी पसरायला दूध उतू जायचाही वेळ लागत नाही.

दोन दिवस थांबलो. मेल टाकली. गेली. कुठं? स्पॅममध्ये. जाणं वेगळं आणि पोचणं वेगळं.

मग शिवप्रसाद म्हणाला, "सर, नवीन सर्व्हर हाय, त्याला आधी तापवावं लागतंय." म्हणालो, परभणीत काय तापायचं राहिलंय रे? तर तसं नाही म्हणे. रोज पाच-सहा मेली ओळखीच्यांना टाकायच्या आणि त्यांनी त्या उघडायच्या. लोक उघडायलेत हे दिसलं की जगाचा विश्वास बसतो. आणि उघडली हे कळतं कसं? तर प्रत्येक मेलमध्ये एक चित्र असतं, डोळ्याला न दिसणारं, ठिपक्याएवढं. मेल उघडली की समोरचा फोन ते चित्र आपल्या सर्व्हरकडून मागून घेतो आणि आपल्याकडं नोंद होते, अमक्यानं अमक्या वेळी उघडली. न दिसणारं चित्र, आणि ते आपल्याकडं बघायलंय.

यादी केली. मी, शिवप्रसाद, माझा चुलतभाऊ राधाकिशन, पालमला असते ती माझी मेव्हणी वच्छलाबाई. आणि पाचवा पत्ता विजयमालाचा. मुद्दाम नाही घातला. यादीत होता, काढायला हात झाला नाही. म्हणालो राहू दे, एक जास्तच. विषय, टेस्ट. आत, टेस्ट.

चौथ्या दिवशी शिवप्रसादनं कागद काढून दिला. राधाकिशननं उघडली नाही, वच्छलाबाईनं उघडली नाही, खुद्द शिवप्रसादनं उघडली नाही, पाठवणारा मी, मीपण नाही. एकीनंच उघडली होती. चारही दिवस. वेळ, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं.

आता काय सांगू तुम्हाला, बारा दहा म्हणजे तिची वेळ. भांडी घासून झाली, ओटा पुसला, की पंख्याखाली फोन घेऊन बसायची. मेल उघडणार, आणि तिला फोनमधलं एकच काम यायचं, फॉरवर्ड करणं. मधुमेहाला मेथी, फॉरवर्ड. उन्हाळ्यात कांदा, फॉरवर्ड. सगळं रोहिणीला, आणि वर एक ओळ, "रोहे, हे वाच." मग तासभर झोपायची.

मी घरी आलो, कपाट उघडलं. फोन होता तिथंच, साड्यांच्या खाली, बंद. बॅटरी मेलेली, सिम तर मीच काढून परत केलेलं. कपाट लावून टाकलं. शिवप्रसादला फोन केला तर म्हणाला, "सर, घाबरू नका, काही काही कंपन्यांच्या मशिनी स्वतःच मेल उघडून चित्र बघतेत. तिथं माणूस नसतंय." म्हणालो, बरं, मशीन आहे तर आहे. पण मशीन काय भांडी घासून झाल्यावरच बघतं का?

आणि मला सांगा, एकच वाचणारा असला की माणूस त्याला किती दिवस नुसतं 'टेस्ट' लिहिणार? पाचव्या दिवशी लिहिलं, आज ढग आलेत. उघडली, बारा दहा. आठव्या दिवशी लिहिलं, आंबाडीची भाजी केली, ज्वारीच्या कण्या दाताखाली करकर वाजल्या, कण्या आधी घालतात का नंतर? ही चार वेळा उघडली. चार वेळा. उत्तर नाही, काही नाही, नुसती चार वेळा उघडली. मला वाटलं ही हसायलीय. पितरपाटात लिहिलं, तुझ्या सहा साड्या भांडीवाल्या चतुराबाईला दिल्या, मोरपंखीपण दिली. तुम्हाला सांगतो, ती मेल एकोणीस वेळा उघडली गेली. बारा दहापासून बारा पंचवीसपर्यंत, एकोणीस वेळा. दुसऱ्या दिवशी मी चतुराबाईच्या दारात. ती म्हणाली, "सर, दिल्यालं माघारी नेतेत का कुणी?" काय सांगू तिला? वरिष्ठ कार्यालयाकडून विचारणा झालीय म्हणून? दोन नव्या घेऊन देतो म्हणालो आणि मोरपंखी परत आणली. तसं लिहिलं. मेल एकदाच उघडली. मग तसल्ली झाली.

शिवप्रसाद म्हणायचा मशीन. मी म्हणायचो, हो, मशीनच. चालू आहे ना, मग ठीक आहे.

दिवाळीनंतर खरे सांगावे सुरू झाले. पहिला गेला पुण्याच्या परमेश्वरला, त्याचा मामा वारला होता. मेल पोचली, तो वेळेवर आला, मातीला उभा राहिला, मला एवढं बरं वाटलं की बास. आणि चार दिवसांनी तक्रारीचा कागद. परमेश्वरनं आमची मेल स्पॅम म्हणून नोंदवली. त्याच्या मागून दुसरा, तिसरा, सहावा. जो येईल तो मातीला येऊन, रडून, माझे हात हातात घेऊन जायचा आणि मेल स्पॅम करायचा. सर्व्हरची अब्रू पार धुळीला. मी परमेश्वरला फोन लावला. म्हणालो, अरे, तुझ्या कामाला आली ना मेल?

"लय उपकार झाले सर तुमचे."

"मग स्पॅम का केलीस?"

"मग काय ठिवू का सर घरात? मौतीचं पत्र हाय ते. त्याच मोबाईलवर लेकरं खेळतेत. डिलिट केली तर म्हणे तीस दिवस तिथंच कचऱ्याच्या डब्यात राहती. म्हणजे घरातच की. त्या दुसऱ्या बटणावर लाल निशाण होतं, मला वाटलं, फाडायचं हेच."

रागावू कुणावर? वच्छलाबाईला सांगितलं तर ती उलट माझ्यावरच, "आवो दाजी, तुमाला इतकं कसं कळंना? मौतीच्या कार्डाचा कोपरा फाडल्याला असायचा. कोपरा बघितला की बाया दारातच बसायच्या रडायला. दारातच वाचायचं, फाडायचं, पाय धुवायचे, मग घरात. तुमच्या मोबाईलला कोपरा कुठाय? फाडावं कुठून माणसानं? तुमी तरी ठिवाल का?"

बरोबर होतं बाईचं. जगातले मोठमोठे इंजिनिअर या सर्व्हरांना शहाणपण शिकवून बसले, पण जिंतूर तालुक्यातला माणूस मौतीचं पत्र घरात ठेवत नाही, एवढी गोष्ट त्यांना कुणी सांगितली नाही. मी शिवप्रसादला म्हणालो, मेलच्या खाली एक बटण कर. फाडा. त्याला वाटलं ऊन लागलं मला. पण केलं त्यानं. बटण दाबलं की पडद्यावर ते पत्र मधोमध फाटतं, तुकडे खाली पडतात, पडदा कोरा होतो, आणि खाली लिहून येतं, पाय धुवून घ्या. महिनाभरात शिवप्रसादचा फोन, त्याचा आवाज बदललेला. "सर, शंभरातले एक्क्याण्णव जण बटण दाबायलेत. जगात कुणाच्या मेलवर लोक एवढं दाबत न्हाईत. सर्व्हरला वाटायलंय आपण लय मोठी असामी हाव." तक्रारी बंद. अब्रू परत आली.

फक्त एक होतं. प्रत्येक सांगाव्याची एक प्रत मी तिच्या पत्त्यावर टाकायचो, तापवायच्या दिवसांपासूनची पद्धत, मोडली नाही. ती रोज उघडायची. पण फाडायची नाही. एकही नाही. जगानं फाडली, तिनं ठेवून घेतली. मी पुष्कळ दिवस विचार केला, का? मग एक दिवस भाकरीचं पीठ मळताना लक्षात आलं. घरी पाहुणे यायचे असले की विजयमाला आधी मला विचारून यादी करून ठेवायची, कोण, कधी, किती जण. म्हणजे पीठ त्या अंदाजानं काढता येतं. तसा माझा हात पिठातच राहिला हो.

मग आला माघ. चैत्र वद्य षष्ठीला तिचं वर्षश्राद्ध. रोहिणीला कळवायचं होतं. तिच्या ऑफिसच्या त्याच पत्त्यावर, जिथं चारशे बारा नंबर कचऱ्यात पडला होता. दुसरीकडं कुठं पाठवून माझं समाधान होणार नव्हतं. शिवप्रसाद म्हणाला, "ऑफिसांचं गाळणं कडक असतंय सर, थेट पाठवू नका. मधी एक जण धरायचा, ज्याला सगळं जग वळखतंय. आपली मेल त्याच्या हातात द्यायची, तो पुढं पोचवतो. त्याला रिले म्हणतेत."

"मध्यस्थ."

"तसंच की."

घरात होता एक, सत्तावीस वर्षं. शिवप्रसादला सांगून काय करू?

एक मोठी कंपनी धरली रिलेसाठी. मेल लिहायला मला चार दिवस लागले आणि झाल्या किती ओळी, तर पाच. रोहिणी, षष्ठीला आईचं वर्ष आहे. मागच्या वर्षी मी सव्वादहाला मेल पाठवली होती. पाचपर्यंत थांबलो होतो. आणखी थांबायला पाहिजे होतं. तू ये. बाबा. जावक नंबर टाकला नाही. यादीप्रमाणं एक प्रत तिच्या आईला.

टाकली. शिवप्रसादचा कागद, पोचली. माझा विश्वास नाही. म्हणालो, पोचली म्हणजे कुठं? तो म्हणाला, "घरात पोचली सर. आता ओसरीत पडली का माळ्यावर, ते आपल्याला कळत न्हाई." एक दिवस झाला, उघडली नाही. चार दिवस झाले, नाही. आठ झाले. रोज जाऊन कागद बघायचो, रोहिणीच्या नावापुढं कोरं. आईच्या नावापुढं मात्र, पहिल्याच दिवशी, बारा दहा. आणि त्या एका मेलपुढं शिवप्रसादच्या कागदात काहीतरी वेगळंच आलं होतं, आठ दिवसांत एकवीस वेळा उघडल्याच्या नोंदी, त्याही कुठल्या दुसऱ्याच गावच्या, त्याला त्याचा अर्थ लागेना. नवव्या दिवशी मी कागद मागायचं बंद केलं. म्हणालो, गेली. माझ्याकडून गेली. एकोणतीस वर्षं हेच तर केलं.

षष्ठीच्या आदल्या दिवशी भर दुपारी फाटक वाजलं. रोहिणी. परभणीपर्यंत रेल्वे, पुढं एसटी, चेहरा उन्हानं लाल. पाणी प्यायली, बसली, म्हणाली, "पाचपर्यंत थांबला होतात, हे मला माहीत नव्हतं."

मी म्हणालो, "मेल पोचली म्हणजे."

"ऑफिसच्या मेलवर काही आलं नाही बाबा. आलं असेल तर कचऱ्यात असेल, मी बघितलं नाही. मला आईच्या मेलवरून आली, माझ्या घरच्या पत्त्यावर. तुम्हीच केलीत ना फॉरवर्ड, आईच्या फोनवरून?"

पंखा फिरायलाय, बाहेर कावळा ओरडायलाय, कपाट माझ्या पाठीमागं. मी म्हणालो, "हो."

"आणि वर ते तिच्यासारखं लिहायची काय गरज होती? मी बाथरूममध्ये जाऊन बसले अर्धा तास."

"काय लिहिलं होतं मी?"

"विसरलात पण?" तिनं फोन माझ्यापुढं धरला. बारा वाजून दहा मिनिटं. वर एक ओळ. रोहे, हे वाच. आणि बाबांना सांग, कण्या आधी.

मी तिला जन्मात कधी रोहे म्हणालो नाही.

"कण्या आधी म्हणजे काय हो बाबा?" पोरगी विचारायली. मी म्हणालो, काही नाही, भाजीचं आहे. दुसऱ्या दिवशी श्राद्धाचं झालं, तिसऱ्या दिवशी मी आंबाडीची भाजी केली. कण्या आधी शिजवल्या. रोहिणीनं दोनदा घेतली आणि जेवताना थेट माझ्याशी बोलली, सलग, वीसेक मिनिटं. मधे कुणी नव्हतं. म्हणजे मला दिसलं तरी नाही कुणी.

ती गेल्यावर मी शिवप्रसादकडं गेलो, सगळं सांगितलं. बंद फोन, जळालेली वही, पासवर्ड. त्यानं बराच वेळ पडद्याकडं बघितलं, वर-खाली केलं, काहीतरी उघडलं, लगेच मिटलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "सर, मेली पोचायल्यात ना?"

"पोचायल्यात."

"मग हात लावू नका."

नाही लावला. आता मी त्या कंपनीचा रिले बंद करून टाकलाय. तालुक्यातलं कुणी गेलं, कुणाच्या लेकराला कळवायचं असलं, की थेट पाठवतच नाही. पत्ता लिहून तिलाच टाकतो, पुढं ती पोचवते. आजवर एक परत आली नाही. जाणं वेगळं आणि पोचणं वेगळं, जाण्याचं मी बघतो, पोचायचं तिच्याकडं. अडचण एकच आहे. बारा दहाच्या आत टाकावी लागते. त्यानंतर ती तासभर झोपते, मग कुणाचं कोण का मेलं असेना, बाई फोन हातात धरत नाही.